रक्तदाब शून्य, अचूकता ८१ टक्के!

गेल्या वर्षीची गोष्ट. मिनी प्रोजेक्टची व्हायवा होती. आम्ही चौघं इस्त्रीचे शर्ट घालून (त्यातले दोन शेजारच्या रूममधून उसने आणलेले) लॅबच्या दाराशी उभे. प्रोजेक्ट काय? तर ‘मशीन लर्निंग वापरून मधुमेहाचे निदान’. आपल्या विभागात दर वर्षी या नावाचे दोन-तीन प्रोजेक्ट असतातच, त्यातलाच एक आमचा. रात्रभर जागून स्लाइड्स चकाचक केल्या होत्या. शेवटच्या स्लाइडवर लाल रंगात, भल्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : अचूकता ८१ टक्के!

एक्स्टर्नल म्हणून आलेले सर शांत होते. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, आमची एक्सेलची फाइल उघडली, जरा खाली गेले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “या बाईंचा रक्तदाब शून्य आहे. बाई हयात आहेत का?”

आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. आमच्यातला बोलण्यात पटाईत असलेला गडी म्हणाला, “सर, ते डेटासेटमध्येच तसं आहे.”

“बरं. आणि हा डेटासेट कुणाचा?”

“कॅगलचा, सर.”

सर नुसते हसले. रागावले नाहीत, मार्कही बरे दिले. पण ते हसणं काही डोक्यातून जाईना. मेसमध्ये ताट पुढे घेऊन बसलो तरी तेच. आपण एका बाईच्या आजाराचं निदान करतोय आणि ती बाई जिवंत आहे का, एवढंही बघितलं नाही! म्हणून सुट्टीत बसून शोधून काढलं, ही बाई कोण.

मित्रहो, ज्यांनी ज्यांनी हा प्रोजेक्ट केलाय (आणि जे पुढच्या वर्षी करणार आहेत) त्यांच्यासाठी सांगतो. त्या फाइलमध्ये ७६८ ओळी आहेत. प्रत्येक ओळ म्हणजे एक बाई. वय २१ किंवा त्याहून जास्त. सगळ्या जणी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या, पिमा नावाच्या आदिवासी समाजातल्या. अमेरिकी सरकारच्या एका आरोग्य संशोधन संस्थेनं १९६५ पासून या समाजात मधुमेहाचा अभ्यास चालवला होता, त्यातून हे आकडे आले. १९८८ मध्ये ते एका संगणकीय प्रयोगात वापरले गेले आणि तिथून जगभर पसरले. आज पुण्यापासून पेरूपर्यंत मशीन लर्निंग शिकणारी पोरं याच ७६८ बायांवर हात साफ करून घेतात.

आता शून्याचं. ३५ बायांचा रक्तदाब शून्य, ५ जणींची साखर शून्य, ११ जणींचा उंची-वजनाचा आकडा म्हणजे बीएमआय शून्य. आणि इन्सुलिन? तब्बल ३७४ जणींचं शून्य, म्हणजे जवळजवळ निम्म्या! त्या सगळ्या हयात होत्या. मोजमाप झालं नव्हतं किंवा नोंद नव्हती, म्हणून कुणीतरी रकान्यात शून्य टाकलं. ‘माहीत नाही’ याचं ‘शून्य’ झालं. आणि आमचा प्रोग्राम इमानेइतबारे त्या शून्यावर शिकला!

आमच्या ८१ टक्क्यांचंही ऐका. ७६८ पैकी ५०० जणींना मधुमेह झाला नव्हता. म्हणजे डोळे मिटून प्रत्येकीला ‘तुम्हाला मधुमेह नाही’ असं सांगणारा प्रोग्राम लिहिला, एका ओळीचा, तरी अचूकता ६५ टक्के येते. फक्त त्यात आजारी असलेली एकही बाई सापडत नाही. शंभर आजारी माणसांपैकी आपण किती जण हेरले, हा आकडा आमच्या एकाही स्लाइडवर नव्हता. कुणी विचारलाही नव्हता.

पण मला जास्त अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. या पिमा लोकांचं त्यांच्या भाषेतलं नाव आहे ‘नदीची माणसं’. हिला नदीच्या काठानं पाट काढून पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा हा समाज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वरच्या अंगाला नव्यानं आलेल्या वसाहतवाल्यांनी नदीचं पाणी वळवलं. खाली शेती करपली. मग सरकारी मदतीचं पीठ, साखर, चरबी यांवर पोट भरायची वेळ आली. पुढे याच समाजात मधुमेहाचं प्रमाण जगात सगळ्यांत जास्त म्हणावं इतकं वाढलं. याच रक्ताचे पिमा सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात राहतात, कष्टाची शेती करतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या पिमांत मधुमेहाचं प्रमाण सुमारे ७ टक्के निघालं आणि अमेरिकेतल्यांत ३८ टक्के!

वरच्यांनी पाणी अडवलं आणि खालच्यांचं शिवार वाळलं, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना घरबसल्या कळते! पण आमच्या फाइलमध्ये आठ रकाने होते. बाळंतपणं, साखर, रक्तदाब, कातडीची जाडी, इन्सुलिन, बीएमआय, घराण्यातला मधुमेह आणि वय. नदीचा रकाना नव्हता.

बरं, हा प्रोग्राम उद्या आपल्याकडच्या माणसांवर चालवला तर? २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक गमतीदार फोटो आला होता. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. इथलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. इथलं बाळ हडकुळं, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसालाही मधुमेह का गाठतो, याचं एक उत्तर त्या खेड्यांतल्या तराजूनं आणि टेपनं दिलं. म्हणजे बीएमआय हा एकच आकडा असला, तरी तो कुणाच्या अंगाचा आहे यावर त्याचा अर्थ बदलतो.

ईएनटीसीवाले मित्र म्हणतील, हा तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा घोळ, आमचं सर्किट बरोबर असतं. तर त्यांच्यासाठीही एक उदाहरण आहे. करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले. बोटाला चिमटा लावायचा, लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश आरपार जातो आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज येतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पडताळून पाहिलं. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली होता, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडलं आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा. त्वचेचा रंगही प्रकाश शोषतो. सर्किट तेच, बोट वेगळं!

हे सगळं वाचत असतानाच दिवाळीत गावी गेलो. माझी मावशी आशा वर्कर आहे. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, मग पिशवीत रजिस्टरं, बीपीचं मशीन आणि फोन घेऊन वाड्या-वस्त्या फिरायच्या. एक दिवस मी तिच्याबरोबर गेलो. एका घरात बीपीच्या मशीनचे सेल संपले. मावशीनं शांतपणे फोनमध्ये १२०/८० टाकलं आणि पुढं निघाली. मी म्हटलं, “मावशे, हे काय केलंस? न मोजताच?”

ती म्हणाली, “अरं बाळा, रकाना भरल्याबिगर पुढचं पान उघडतंय व्हय? रजिस्टरात मी रेघ मारती, की आज मोजलं न्हाई. फोनात रेघ कुठं मारू?”

मी गप्प. पुढे ती म्हणाली, “ज्या बाईचं खरंच जास्त हाय तिला मी वळखते. तिला मी हाताला धरून दवाखान्यात नेते. पण ते तुझ्या फोनाला कसं कळायचं?”

मित्रहो, ॲरिझोनातलं शून्य निदान डोळ्यांना खटकतं तरी. मावशीचं १२०/८० कुणाला खटकणार? ते तर अगदी निरोगी दिसतं! उद्या कुणी संशोधक तालुक्याचे आकडे काढेल आणि म्हणेल, इथल्या बायांचा रक्तदाब किती छान आहे. त्यावर कुणीतरी प्रोग्राम शिकवेल, कुणीतरी पीएचडी करेल. चूक कुणाची? मावशीची? मला नाही तसं वाटत. तो फॉर्म बनवताना ‘हा रकाना सक्तीचा’ या चौकोनावर कुणीतरी टिचकी मारली असेल. तो आपल्यासारखाच इंजिनियर असणार. एसीत बसलेला, डेडलाइनच्या धास्तीतला, वाडीवर कधी न गेलेला. एक ‘आज मोजलं नाही’ असा पर्याय द्यायला त्याला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं!

परत आलो ते एकदम जोशात. ठरवलं, आता उसना डेटा नको, स्वतःचा गोळा करायचा. आणि इथंच माझ्या हातून जी चूक झाली ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

होस्टेलची पोरं ज्या दवाखान्यात जातात, तिथल्या काकांना गाठलं. “पोरांचा अभ्यास आहे” म्हणून त्यांनी भाबडेपणानं रजिस्टर दिलं. दोष त्यांचा नाही, मागणारे आम्ही होतो. आम्ही अगदी शहाण्यासारखी नावं गाळली. एक्सेलमध्ये फक्त तारीख, वय, ब्रँच, वर्ष, तक्रार आणि दिलेली औषधं एवढंच उतरवलं. फाइल ग्रुपवर टाकली. ग्रुपवरून ती कुणाच्या तरी रूमवर गेली, तिथून अजून कुठं. चार दिवसांत मजल्यावर कुजबुज सुरू झाली. एका ओळीत टीबीची औषधं होती. त्या ब्रँचचा, त्या वर्षाचा, त्या वयाचा आणि त्या तारखेला दवाखान्यात गेलेला मुलगा आख्ख्या होस्टेलमध्ये एकच होता.

उपचार सुरू होऊन त्याला बरेच महिने झाले होते. डॉक्टरांनी ‘आता कुणाला धोका नाही’ म्हणून सांगितलेलं होतं. पण मेसमध्ये त्याच्या टेबलावरची पोरं एकेक करून उठायला लागली. पाण्याच्या ग्लासवरून विनोद झाले. शेवटी तो त्या सेमिस्टरपुरता बाहेर खोली घेऊन राहिला. मी माफी मागायला गेलो तेव्हा तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, “नाव तू काढलंस रे, पण मी तसाच राहिलो ना त्या ओळीत.”

डेटा सायन्सच्या चार पुस्तकांत जे कळलं नव्हतं ते या एका वाक्यात कळलं. नंतर वाचनात आलं की लटान्या स्वीनी नावाच्या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थी असतानाच, १९९७ मध्ये, हे दाखवून दिलं होतं. नावं काढून संशोधकांना दिलेल्या नोंदींमधून त्यांनी खुद्द मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरांची हॉस्पिटलची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड, बस! तिथं राज्यातला गव्हर्नर सापडतो, तर होस्टेलमधला पोरगा न सापडायला काय झालं?

(हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला पूर्ण वाचून दाखवला. त्यानं दोन तपशील गाळायला सांगितले, ते गाळले आणि मग तो ‘छाप’ म्हणाला. रजिस्टरच्या वेळी हे केलं नव्हतं.)

आता काही जण म्हणतील, म्हणजे तुझं म्हणणं काय, संगणक दवाखान्यात नेऊच नये? छे छे! मी काही कागदाच्या गठ्ठ्यांचा भक्त नाही. आजोबांच्या जुन्या रिपोर्टांची पिशवी एसटीत विसरली तेव्हा काय हाल झाले ते मी बघितलंय. डोळ्याच्या पडद्याचा फोटो पाहून मधुमेहानं होणारी इजा ओळखणारा प्रोग्राम २०१६ मध्ये गूगलनं जगापुढे मांडला, त्यात मदुराईचं अरविंद आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय यांचा वाटा होता. निकाल डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तोडीचे होते. जिथं डोळ्यांचा डॉक्टर महिन्यातून एकदा येतो तिथं हे वरदानच. पण तोच प्रोग्राम थायलंडमधल्या दवाखान्यांत नेला, तेव्हा २०२० च्या अहवालानुसार सुमारे २१ टक्के फोटो त्यानं ‘नीट नाहीत’ म्हणून परत केले. कारण? बऱ्याच ठिकाणी खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता. नर्सबाईंना विचारलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं! आणि इथं एक गोष्ट मला आवडली. फोटो नीट नसेल तर तो प्रोग्राम ‘मला सांगता येत नाही’ असं म्हणतो. पेशंटची गैरसोय झाली खरी, पण त्यानं १२०/८० नाही ठोकून दिलं.

कायदेही आता आलेत. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातला १४ आकडी आभा क्रमांक आपल्यातल्या अनेकांकडे आहे. आपली नोंद एका दवाखान्यातून दुसरीकडे जायची तर आपली संमती लागते, असा त्याचा पाया आहे. २०२३ मध्ये आयसीएमआरनं आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्यात कागदावर घेतलेली माहिती नंतर डिजिटल केली तर तीही कायद्याच्या कक्षेत येते. म्हणजे काकांचं रजिस्टर रजिस्टर होतं तोवर वेगळं. आम्ही ते एक्सेलमध्ये उतरवलं, त्या क्षणी जबाबदारी आमची झाली. पण खरं सांगू? कायद्याच्या भीतीनं हे सुधारेल असं मला वाटत नाही. आपल्या शिकण्यातच ते यायला हवं.

मेडिकलच्या पोरांकडे बघा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक योजना आणली आहे. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यानं गावातल्या काही कुटुंबांकडे जायचं, त्यांची माहिती ठेवायची, त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा. म्हणजे त्यांना आकडा भेटायच्या आधी माणूस भेटतो. आपल्याला माणूस कधी भेटतच नाही. आपल्याला थेट फाइलच डाउनलोड होते!

म्हणून विभागातल्या सरांना, मॅडमना आणि माझ्या मित्रांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली : आरोग्यावरच्या प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टात पहिलं पान डेटाच्या जन्मदाखल्याचं असावं. हे आकडे कुणाचे, कुठले, कोणत्या साली, कुणी आणि कशानं मोजले, संमती होती का, रिकाम्या जागांचं आपण काय केलं. हे पान कोरं असेल तर सबमिशनवर सही नको.

दुसरी : असा प्रोजेक्ट करणाऱ्या ग्रुपनं एक दिवस, फक्त एक दिवस, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंबरोबर घालवावा. परवानगी काढून, वही घेऊन, लॅपटॉप न घेता. नोंदी कशा होतात ते नुसतं बघावं. पेशंटची एकही ओळ उतरवून आणायची नाही.

तिसरी : नुसती अचूकता लिहिली तर अर्धे मार्क कापावेत. किती आजारी माणसं आपल्या हातून निसटली आणि किती निरोगी माणसांना आपण उगाच घाबरवलं, हे दोन्ही आकडे हवेत. आणि आपला प्रोग्राम ‘मला माहीत नाही’ असं म्हणू शकतो का, हे व्हायवात विचारावं.

“अरे, प्लेसमेंटच्या तोंडावर हे कुणाला परवडणार?” असं टपरीवर एक जण म्हणालाच. बरोबर आहे त्याचं. आमच्याही घरी हप्ते आहेत. पण आपल्यातले कितीतरी जण उद्या हॉस्पिटलांची सॉफ्टवेअरं, आरोग्याची ॲप, तपासणीची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत जाणार आहेत. तो ‘सक्तीचा रकाना’वाला चौकोन एक दिवस आपल्या समोर येणार आहे. त्यावर टिचकी मारताना वाडीवरची एखादी मावशी, सेल संपलेलं मशीन आणि मेसमध्ये एकटा बसलेला एक मुलगा आठवला, तर ती पाच मिनिटं आपण काढू.

यंदाच्या फायनल इयर प्रोजेक्टला आम्ही मशीन लर्निंग घेतलेलं नाही. आम्ही एक साधा फॉर्म बनवतोय. नेट नसताना चालणारा, मराठीतला आणि ज्यात प्रत्येक रकान्याशेजारी एक रेघ मारता येते. रेघ मारली की विचारतो, मशीन बंद होतं, बाई घरी नव्हती, की तिनं नको म्हटलं? गाइड सर म्हणाले, “यात नवीन काय आहे?”

मावशीला फोनवर दाखवला. ती म्हणाली, “ह्यात रेघ मारता येतीय व्हय? मग बरं झालं.”

आमची अचूकता अजून मोजायची आहे.

— अंतिम वर्ष, संगणक विभाग